आधी सीडी, मग डिस्क, मग विंडोजचं बघू

पत्र : मी पाटण तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मुलीने कॉलेजसाठी २०१७ साली घेतलेला लॅपटॉप आता माझ्याकडे आहे. सहाव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, असं तिने मला लिहून दिलंय. बटण दाबलं की मी चहा ठेवायला जाते, चहा पिऊन होतो तरी तो तयार नसतो. वर विंडोज १० चा पाठिंबा संपला म्हणून सारखी पाटी येते. दुकानात दाखवला तर म्हणाले, ‘बाई, हा आता संपला. नवीन घ्या, चाळीस-पंचेचाळीसपर्यंत बसेल. नाहीतर आठशे रुपयांत विंडोज ११ टाकून देतो, ऑफिस फ्री.’ मला लागतं काय? बँक, लाइटबिल, यूट्यूब आणि लिहिणं. नोकरीत असताना आसपासच्या वाड्यांवरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या होत्या. काही २००४ साली कराडला डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या. त्याची सीडी आहे, पण उघडली की इंग्रजी अक्षरांचं गचपण दिसतं. बाकीच्या वह्यांत आहेत. चार कॅसेटीही आहेत. हे सगळं नीट एका जागी आणायचं आहे. मुलगी नाशिकला असते, सणावाराला येते. काय करू?

बाई, नमस्कार.

तुमच्या पत्रात लॅपटॉपबद्दल बरंच आहे आणि सीडीबद्दल दोनच ओळी आहेत. मी उलट्या क्रमाने जाणार. लॅपटॉप उद्या बंद पडला तर दुसरा मिळेल. २००४ ची ती सीडी मात्र एकच आहे.

घरी लिहिलेल्या सीडीवर मजकूर रंगद्रव्याच्या एका पातळ थरात असतो आणि तो थर उन्हाने, उष्णतेने, नुसत्या वयानेही फिका पडतो. आपण सगळे चकचकीत बाजू जपतो, पण तो थर असतो छापील बाजूच्या अगदी खाली. म्हणून नाव लिहायच्या बाजूला पडलेला ओरखडा जास्त घातक. तेव्हा आज दुसरं काही करू नका. सीडी घाला, त्यावरच्या सगळ्या फाइली जशाच्या तशा एका फोल्डरमध्ये उतरवा, आणि तोच फोल्डर एका पेनड्राइव्हवरही घ्या. फाइल उघडून ‘सेव्ह’ करू नका, नाव बदलू नका. उतरवताना एखादी फाइल अडली तर ती सोडून पुढच्या घ्या आणि अडलेलीचं नाव कागदावर लिहून ठेवा. तिच्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो खराब जागा ओलांडून उरलेलं वाचतो आणि मग पुन्हा पुन्हा त्या जागेकडे वळतो. ते काम मुलगी आली की.

लॅपटॉपची हार्ड डिस्क किती धडधाकट आहे तेही लगे हात पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा छोटा मोफत प्रोग्रॅम उघडला की डिस्कची तब्येत एका शब्दात सांगतो. निळ्या चौकटीत ‘गुड’ आलं तर ठीक. पिवळ्यात ‘कॉशन’ आलं तर ओव्या, फोटो, पेन्शनचे कागद, सगळं त्याच दिवशी बाहेर काढा.

आता तुमचा दुकानदार. तो म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. लॅपटॉप मंद चालतो ही एक, आणि विंडोज १० चा पाठिंबा संपला ही दुसरी. एकीचं औषध दुसरीला चालत नाही. आठशे रुपयांत विंडोज ११ घालून घेतलंत तर तुमचा चहा पिऊन होईल, वर पोहेही होतील.

मंद का चालतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटी खिडकी आली तर खाली ‘मोअर डिटेल्स’ दाबा आणि ‘परफॉर्मन्स’वर जा. लॅपटॉप नुकताच सुरू झालेला असताना डावीकडे बघा. ‘सीपीयू’ दहा-वीस टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि ‘डिस्क’ मात्र शंभरावर चिकटलेली असेल. म्हणजे मेंदू मोकळा बसलाय आणि सगळे डिस्कची वाट बघताहेत. त्या काळच्या लॅपटॉपांत मिनिटाला ५४०० फेरे घेणारी फिरती तबकडी असायची. तिच्यावरून वाचणारी सुई एका वेळी एकाच जागी असू शकते आणि विंडोज १० सुरू होताना तिला शेकडो ठिकाणी पळवतं. लॅपटॉप नवा होता तेव्हाही तो या बाबतीत चपळ नव्हताच, फक्त तेव्हा त्याच्यावर इतका भार नव्हता.

याला उपाय एकच, आणि तो खरोखर लागू पडतो : हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काही नसतं. दुकानात जाऊन एवढंच म्हणा, ‘अडीच इंची, सॅटा, २५६ जीबी, चांगल्या कंपनीची, बिलासकट. आणि जुनी डिस्क मला परत हवी.’ शेवटचं वाक्य विसरू नका. दुकानदाराला वाईट ठरवायचं कारण नाही. त्याला मजुरी मिळते, तुमचं काम होतं. बसवायला त्याला अर्धा तासही लागणार नाही. चाळीस हजारांशी तुलनाच नको इतका खर्च कमी येतो. पण भाव हल्ली वरखाली होताहेत, दोन ठिकाणी विचारून घ्या.

रॅमचंही विचाराल. ४ जीबी तुमच्या कामाला काठावर आहे, ८ झाली तर सुख. त्याच टास्क मॅनेजरमध्ये ‘मेमरी’वर गेलात की खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ दिसतं. ‘१ ऑफ २’ असेल तर एक जागा रिकामी आहे आणि तिथे आणखी एक पट्टी बसते. मात्र २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती बऱ्याच चढल्यात, म्हणून एकदम खर्च करू नका. आधी एसएसडी घाला, महिनाभर वापरा. अडतंय असं वाटलं तरच रॅम.

जुनी डिस्क परत का मागायला सांगितली? ती यूएसबीच्या केसिंगमध्ये घातली की तुमची बाहेरची डिस्क तयार होते. केसिंग काही शे रुपयांत मिळतं. शिवाय नव्या एसएसडीवर तुम्ही किंवा मुलीने कितीही प्रयोग केले तरी जुनं सगळं त्या डिस्कवर सुखरूप राहतं. काही बिनसलं तर तीच डिस्क परत आत घालायची की लॅपटॉप होता तसा. विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली घालताना (तिच्याबद्दल पुढे सांगतो) ‘अख्खी डिस्क पुसू का?’ असा प्रश्न येतो आणि तिथे भल्याभल्यांचा हात थरथरतो. पुसण्यासारखं काही आतच नसेल तर कसली भीती!

आता विंडोजकडे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही, पुढेही पडणार नाही. फक्त नव्या सापडणाऱ्या भगदाडांना ठिगळं मिळणं थांबलं. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढीची सोय ठेवली आहे. ‘विंडोज अपडेट’च्या पानावर तिची नोंदणी दिसते. पण ती झाली पुढे ढकललेली तारीख. विंडोज ११ ला, मोजके अपवाद वगळता, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो आणि तुमचा सहाव्या पिढीचा. आडवाटेने घालता येतं, दुकानदार तेच करणार आहे. मात्र अशा संगणकाला पुढची अपडेट्स मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

आणि ते ‘ऑफिस फ्री’! बाई, आठशे रुपयांत ज्याचा परवाना येत नाही ते क्रॅक केलेलं असतं. ते चालू करणारा प्रोग्रॅम घालताना आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. एवढ्यावरून ओळखा. त्या प्रोग्रॅमबरोबर आणखी काय आत शिरलं हे ना तुम्हाला कळतं, ना दुकानदाराला. त्याच लॅपटॉपवर तुम्ही पेन्शनचं खातं उघडणार आहात. हक्काने, उघडपणे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उपलब्ध असताना असलं घेण्याची गरज काय?

माझं मत सरळ आहे. बँक, लाइटबिल, यूट्यूब आणि लेखन एवढंच असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट घाला. त्याच्या तीन आवृत्त्या आहेत, त्यांतली ‘एक्सएफसीई’ नावाची सर्वांत हलकी, तुमच्या ४ जीबीला ती मानवते. २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेची अपडेट्स मिळणार आहेत. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, मधे उघड्या खिडक्या. विंडोज वापरलेल्या माणसाला दुपारभरात सवय होते. टॅली लागत असतं किंवा एखादं खास विंडोजचंच सॉफ्टवेअर लागत असतं, तर मी हे सांगितलं नसतं.

घालण्याआधी नुसतं चालवून पाहता येतं, हा मिंटचा मोठा गुण. मुलीला नाशिकहून येताना ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ते घेऊन यायला सांगा. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून साधारण ३ जीबीची फाइल उतरवायची आणि रूफस किंवा बलेनाएचर या मोफत प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवायची. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना कंपनीप्रमाणे एफ १२, एफ ९ किंवा एस्केप दाबत राहायचं, मग कुठून सुरू करू असं तो विचारतो. पेनड्राइव्ह निवडला की अख्खं मिंट उघडतं आणि तोवर डिस्कला धक्का लागलेला नसतो. वायफाय पकडतंय का, यूट्यूबचा आवाज येतोय का, तुमच्या बँकेचं पान नीट दिसतंय का, हे तिथेच तपासून घ्या. सगळं पसंत पडलं तर पडद्यावरच्या ‘इन्स्टॉल’वर जा. लिहिण्या-तक्त्यांसाठी लिबरऑफिस आणि इंटरनेटसाठी फायरफॉक्स त्यात आधीपासूनच असतात.

घालून झालं की लगेच तीन गोष्टी करून घ्या. ‘टाइमशिफ्ट’ चालू करा. तो ठरावीक दिवसांनी सिस्टिमचा फोटो काढून ठेवतो आणि काही बिघडलं तर मागच्या फोटोवर परत नेतो. तुमच्या ओव्यांची प्रत मात्र तो ठेवत नाही, ती वेगळीच घ्यायची. फायरफॉक्समध्ये ‘यूब्लॉक ओरिजिन’ घाला. जाहिराती जातात, पानं लवकर उघडतात आणि ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा’ असल्या पाट्या बहुतेक दिसतच नाहीत. तिसरं, डोळ्यांसाठी : ‘अपिअरन्स’मध्ये ‘फॉन्ट्स’वर जाऊन ‘कस्टम डीपीआय’ ९६ वरून ११० करा. सगळीकडची अक्षरं एकदम मोठी होतात. मेनू मराठीतही करता येतो, पण मी म्हणेन इंग्रजीच ठेवा. नाहीतर मुलगी नाशिकहून फोनवर ‘सेटिंग्ज उघड’ म्हणेल आणि तुम्ही पडद्यावर भलतंच शोधत बसाल.

तिला लांबून तुमचा पडदा दिसावा म्हणून ‘रस्टडेस्क’ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. तुमच्याकडे एक क्रमांक आणि पासवर्ड दिसतो, तो तिला सांगितला की ती तुमचा माउस हलवू शकते. तो क्रमांक मुलीशिवाय कुणालाही सांगायचा नाही. बँकेतून बोलतोय, वीज तोडतोय, केवायसी राहिलंय, काहीही कानावर आलं तरी नाही.

एसएसडी येईपर्यंत आहे त्या विंडोजवर थोडं हलकं करून घ्या. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ या पानावर जाऊन जे ओळखीचं नाही ते घाईने बंद करू नका. पण प्रिंटरचा मदतनीस, संगीताचं ॲप, मीटिंगचं ॲप असलं जे ओळखू येतं त्याला ‘डिसेबल’ करा. लॅपटॉपबरोबर आलेला, मुदत संपलेला अँटिव्हायरस काढून टाका. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरतो. ‘संगणक साफ करून वेगवान करतो’ म्हणणारे प्रोग्रॅम मात्र घरात घेऊ नका.

आता खरं काम : ओव्या.

सीडीवरच्या मजकुराचं काहीही खराब झालेलं नाही. २००४ साली डीटीपीत श्रीलिपी, कृतीदेव, डीव्हीबी-टीटी, शिवाजी अशा फॉन्टांत टाइप करत. त्या पद्धतीत फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. तो फॉन्ट तुमच्या लॅपटॉपवर नाही, म्हणून आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. यातून बाहेर पडायला आधी फॉन्टचं नाव कळलं पाहिजे. वर्डची फाइल असेल तर लिबरऑफिसमध्ये उघडा, गचपणावर कर्सर ठेवा आणि वर फॉन्टच्या चौकटीत बघा. संगणकावर नसलेल्या फॉन्टचं नाव तिथे तिरप्या अक्षरांत दिसतं. ‘श्री-देव’ आणि पुढे चार आकडे असतील तर ती श्रीलिपी.

पण कराडच्या डीटीपीवाल्याने बहुधा पेजमेकर हे पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर वापरलं असणार. फाइलीच्या नावाच्या शेवटी पी-एम-डी किंवा पी-६५ असेल तर तेच. घाबरू नका, पेजमेकर शोधत फिरायची गरज नाही. लिबरऑफिस २०१५ पासून पेजमेकरच्या फाइली उघडतं, फक्त त्या त्याच्या ‘ड्रॉ’ या चित्रांच्या भागात उघडतात. पानाची मांडणी थोडी विस्कटेल. विस्कटू दे, आपल्याला मजकूर हवाय. तो उचलून फॉन्ट-कन्व्हर्टरमध्ये टाकायचा. ब्राउझरमध्ये चालणारे असे बरेच मोफत कन्व्हर्टर आहेत. एका चौकटीत जुना मजकूर टाकायचा, दुसरीतून युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसणारा मजकूर, घ्यायचा. प्रत्येक फॉन्टचा कन्व्हर्टर वेगळा असतो, चुकीचा निवडला तर एका गचपणाचं दुसरं गचपण होईल, एवढंच.

रूपांतर झाल्यावर मात्र तुमच्यातल्या शिक्षिकेला लाल पेन घेऊन बसावं लागेल, आणि चुका कुठे सापडतील ते मी आधीच सांगून ठेवतो. जुन्या फॉन्टांत जसं दिसतं तसं साठवलेलं असतं. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, क नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे क आधी, वेलांटी नंतर. रफाराचं तसंच. ‘सूर्य’मधला रफार जुन्या फाइलीत य च्या नंतर असतो, युनिकोडमध्ये तो र म्हणून य च्या आधी यावा लागतो. कन्व्हर्टर ही अदलाबदल करतो, पण जोडाक्षरावरची वेलांटी आणि मात्रेजवळचा रफार यांवर ठेचकाळतो. ‘स्थिती’, ‘मूर्ती’ असे शब्द आधी शोधा.

आणखी एक जागा आहे, ओव्यांत ती हमखास येणार. ‘ऱ्य’. ‘डोंगराच्या दऱ्या’ हे रूपांतरात ‘डोंगराच्या दर्या’ होऊन बसतं. शुद्धलेखन तपासणाराही ते पकडणार नाही, कारण दर्या हाही शब्द आहेच. म्हणून ‘फाइंड’मध्ये ‘र्य’ टाका आणि एकेक करत पुढे जा. सूर्य, कार्य सोडून द्यायचे, दर्या-खोर्या दुरुस्त करायच्या. एकदम ‘रिप्लेस ऑल’ केलंत तर सूर्याचा सूऱ्य होईल.

हा ऱ्य टाइप कसा करायचा ते बऱ्याच जणांना सापडत नाही, म्हणून इथेच सांगतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग प्रश्नचिन्हाचं बटण शिफ्टशिवाय. झाला ऱ्य. पुढे ई दाबला की ऱ्या.

इनस्क्रिप्टचा विषय निघालाच आहे, तर तुम्ही तोच शिका असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. फोनवर तुम्ही इंग्रजी अक्षरांतून मराठी करत असाल. दोन ओळींच्या निरोपाला ते छान आहे. वह्याच्या वह्या उतरवायच्या असतील तर प्रत्येक शब्दाला ‘यातला कुठला?’ म्हणून यादी विचारणारी पद्धत जीव खाते, त्यात बोलीतले शब्द असतील तर विचारूच नका. इनस्क्रिप्ट १९९१ च्या भारतीय मानकात आहे, विंडोज आणि लिनक्सवर सारखा आहे आणि त्याची मांडणी वर्णमालेला धरून आहे. डाव्या हाताला स्वर आणि त्यांच्या खुणा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. क च्या बटणावर शिफ्ट दाबला की ख, ग च्या बटणावर घ. पहिली-दुसरीला बाराखडी शिकवण्यात हयात गेली तुमची, पंधरा दिवसांत बोटं बसतील. मिंटमध्ये कीबोर्डच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट जोडायचा. विंडोज १० मध्ये भाषा म्हणून मराठी जोडली की तो मिळतो आणि विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. इंग्रजी अक्षरांतूनच लिहायचं असेल तर विंडोजमध्येच ‘मराठी फोनेटिक’ आहे. गूगलचं जुनं, इंटरनेटशिवाय चालणारं इनपुट टूल कुठल्यातरी संकेतस्थळावरून उतरवू नका. गूगलने ते देणं कधीच बंद केलंय आणि आता जे मिळतं ते कुणी ठेवलंय याचा पत्ता नसतो.

लिबरऑफिसमध्ये मराठी लिहायला बसलं की पहिल्याच दिवशी एक गोष्ट छळते : अक्षर १४ चं केलं तरी शैली बदलली की पुन्हा बारीक होतं. कारण लिबरऑफिस इंग्रजीचा फॉन्ट आणि मराठीचा फॉन्ट दोन वेगळ्या खात्यांत ठेवतं. ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, मग भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’पुढे खूण करा आणि मराठी निवडा. मग शैलीच्या फॉन्टच्या पानावर त्याच नावाच्या भागात मराठीचा फॉन्ट आणि आकार भरा, वरच्या ‘वेस्टर्न’मध्ये नव्हे. एकदा केलं की झालं. भाषा मराठी ठेवण्याचा आणखी एक लाभ : ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ल आणि श हिंदीच्या वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. फॉन्ट म्हणाल तर छापायला आयआयटी मुंबईचा शोभिका किंवा टिरो देवनागरी मराठी, आणि पडद्यावर वाचायला ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट. तिन्ही फुकट आहेत, पुस्तकात वापरायलाही मोकळीक आहे.

पण ओव्या लिबरऑफिसच्या रायटरमध्ये, म्हणजे लिहायच्या भागात, एकाखाली एक लिहीत जाऊ नका. ‘कॅल्क’ उघडा, तक्ता करा. एका ओळीत एक ओवी, आणि पुढच्या रकान्यांत सांगणारीचं नाव, गाव, विषय, साल, कुठल्या वहीतली. विषय तुम्हीच ठरवा : भाऊ, सासर, पंढरी, सीता, पाऊस, जे तुमच्या संग्रहात असेल ते. एका चौकोनात ओवीची दुसरी ओळ लिहायला कंट्रोल धरून एंटर दाबा. मग एका झटक्यात भावावरच्या सगळ्या ओव्या गोळा होतात, किंवा एकाच गावच्या, किंवा एकाच बाईने सांगितलेल्या. एकच ओवी दोन वाड्यांत थोड्या फरकाने आली असेल तर तीही शेजारी-शेजारी दिसते. पुस्तक करायचं ठरलं तर यातूनच मजकूर रायटरमध्ये नेता येतो. तपासणीच्या लाल रेघा मात्र बंद ठेवा. बायकांच्या तोंडचा शब्द जसा आला तसाच राहू दे, ‘पान्याला’ असेल तर ‘पाण्याला’ करू नका.

सीडीवरची एखादी फाइल उघडलीच नाही आणि तिची छापील प्रत असेल, तर ती ३०० डीपीआयला स्कॅन करून ‘जीइमेजरीडर’मध्ये घाला. त्याच्या आत टेसरॅक्ट नावाचं मुक्त इंजिन आहे, त्याला मराठीचा संच जोडला की छापील मराठी वाचून टाइप करून देतं. हाताने लिहिलेल्या वह्यांच्या वाटेला मात्र ते जात नाही, तिथे इनस्क्रिप्ट आणि तुमची बोटं.

कॅसेटी लवकर उतरवा. चालू अवस्थेतला टेपरेकॉर्डर, त्याच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर, लॅपटॉपला स्वस्तातलं यूएसबी साउंड कार्ड, आणि ‘ऑडॅसिटी’ हा आवाज मुद्रित करायचा मोफत प्रोग्रॅम. पहिली प्रत आवाज जशाचा तसा ठेवणाऱ्या ‘फ्लॅक’ प्रकारात ठेवा, एमपी-थ्री मुलीला पाठवायला. टेप वाजवण्याआधी पुढे-मागे एकदा पूर्ण गुंडाळून घ्या, वर्षानुवर्षं पडून राहिलेली पट्टी एकमेकीला चिकटलेली असते.

तयार झालेला तक्ता तीन ठिकाणी असू द्या : लॅपटॉपवर, केसिंगमधल्या जुन्या डिस्कवर, आणि मुलीकडे नाशिकला. एकाच घरात तीन प्रती ठेवून भागत नाही.

राहिला प्रिंटर. आहे का नाही ते तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर मिंटवर जाण्याआधी त्याचं मॉडेल बघा. एचपीचे बहुतेक प्रिंटर लावले की चालतात. कॅनन एलबीपी २९००, जो आपल्याकडे निम्म्या दुकानांत दिसतो, तो लिनक्सवर चालवायला बरीच खटपट करावी लागते. तुमच्याकडे तोच निघाला तर पीडीएफ करून पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि छपाई दुकानातून आणायची, किंवा मुलीला सुट्टीचा एक दिवस त्या ड्रायव्हरवर खर्च करायला सांगायचा. सीडीतल्या फाइलींच्या नावांची शेवटची अक्षरं आणि फॉन्टचं नाव सापडलं की कळवा. नेमका कुठला कन्व्हर्टर घ्यायचा ते त्यावरूनच सांगता येईल.